तुटीची वाटणी : वाशीम जिल्ह्यातील पाण्याच्या हिश्शांचा आढावा

अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे उतरत गेलेले जे पठार वऱ्हाडच्या दक्षिण अंगाला पसरले आहे, त्याच्या माथ्यावर वाशीम जिल्हा वसलेला असल्यामुळे येथे पडणारा पाऊस येथे फार काळ मुक्काम करीत नाही. काटेपूर्णा वाशीम तालुक्यातील काटा गावाच्या परिसरात उगम पावते आणि उत्तरेकडे अकोल्याच्या सखल मुलखात उतरून पूर्णेला मिळते. अडाण, अरुणावती आणि पूस या नद्या ह्याच उंचवट्यावरून निघून आग्नेयेकडे यवतमाळच्या वाटेला लागतात. आणि बुलढाण्याच्या डोंगरात जन्मलेली पैनगंगा जिल्ह्याच्या दक्षिण बाजूने वाहत मराठवाड्याच्या सीमेवर जाते. म्हणजे एकाच जिल्ह्याचे पाणी तापी आणि गोदावरी अशा दोन महाखोऱ्यांत विभागले जाते, आणि या नद्यांवरील मोठी धरणे पाहावीत तर ती बहुतेक जिल्ह्याची शीव ओलांडल्यावरच भेटतात. काटेपूर्णा महानला अडली आहे, अरुणावती दिग्रसजवळ, पूस पुसदजवळ आणि पैनगंगा इसापूरला. ज्या भूमीवर नद्या उगम पावतात त्या भूमीच्या पदरी साठवण मात्र अल्प, ही वाशीमच्या पाणीप्रश्नाची मूळ कैफियत होय. आणि पुढील सर्व विवेचन ह्या एका वस्तुस्थितीच्या छायेत वाचावे, अशी वाचकांना विनंती आहे.

जिल्ह्याची वार्षिक पर्जन्यमानाची सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास आहे, आणि हा आकडा पाहून येथे अवर्षणाची तक्रार का असावी असा प्रश्न परमुलखातील माणसाला पडणे स्वाभाविक आहे. परंतु सरासरी ही कागदावर नांदते. प्रत्यक्षात एका वर्षी पैनगंगेचा पूर काठच्या सोयाबीनची धूळधाण करतो, तर दुसऱ्या वर्षी, जसे 2017 च्या पावसाळ्यानंतर झाले, ऑक्टोबरातच धरणांचे तळ दिसू लागतात. भूगर्भ बेसाल्टच्या कठीण खडकाचा असल्यामुळे पाणी मुरते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेवढा साठा मार्च-एप्रिलपर्यंत संपतो. जिल्ह्याचे मध्यम प्रकल्प तीन : वाशीम शहराला पाणी पुरविणारा एकबुर्जी, ज्याचा उपयुक्त साठा सुमारे 12 दशलक्ष घनमीटर, सोनल, सुमारे 17, आणि कारंज्याकडील अडाण, सुमारे 67. याखेरीज लघु प्रकल्प, पाझर तलाव, कोल्हापुरी बंधारे आणि पैनगंगेवरील बॅरेज यांची मालिका आहे खरी. पण लहान तलावाचे पाणी उथळ, आणि उथळ पाणी उन्हाने लवकर नाहीसे होते.

हे मर्यादित पाणी मागणारे हात किती आहेत, हे आता पाहू. वाशीम, कारंजा, मंगरुळपीर आणि रिसोड या चार नगरपरिषदा, मालेगाव आणि मानोरा या दोन नगरपंचायती, शेकडो ग्रामपंचायती, त्यांच्या वतीने कारभार पाहणारा जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, योजना बांधणारे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण, औद्योगिक वसाहती, कालव्यावरील पाणीवापर संस्था, आणि ज्यांची कोणत्याही संस्थेत नोंद नाही असे बुडीत क्षेत्राच्या काठावरून मोटारीने पाणी उचलणारे शेतकरी. जिल्ह्याच्या सीमेपलीकडचे हक्कदार यांत आणखी मिळवावे लागतात. महानच्या धरणावर अकोला शहर, मूर्तिजापूर आणि खांबोऱ्याची 64 खेड्यांची योजना अवलंबून आहे, आणि इसापूरच्या जलाशयाकडे हिंगोली-नांदेडचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. पाणी राखणारे खातेही एक नाही. मोठे आणि मध्यम प्रकल्प जलसंपदा विभागाकडे, शंभर हेक्टरपर्यंत सिंचनक्षमतेचे तलाव जिल्हा परिषदेकडे, त्याहून मोठे पण मर्यादेतले मृद व जलसंधारण विभागाकडे, आणि विहिरींची पातळी मोजणारी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आणखी निराळी. राज्यघटनेच्या 73 व्या आणि 74 व्या दुरुस्तीने पिण्याच्या पाण्याची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिली. पाण्याचा उद्भव मात्र ज्याच्या त्याच्या दप्तरात राहिला. ज्याच्यावर तहान भागविण्याचे दायित्व त्याच्या हाती धरणाची चावी नाही, आणि ज्याच्या हाती चावी त्याला नगरातील माणसे मोजण्याचे प्रयोजन नाही, असा हा विभागलेला अंमल आहे.

वऱ्हाडात अशा वाटपाची जुनी वहिवाट नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. खानदेशात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शतकानुशतके फडपद्धती चालत आली. बंधाऱ्याखालील सारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली, प्रत्येक फडात एकाच प्रकारचे पीक, पाणी देणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या आणि त्यांच्यावर हवालदार, आणि पाणी उणे असेल त्या वर्षी कोणता फड कोरडा ठेवावयाचा हे लाभधारकांनीच बसून ठरवावयाचे. अनेक गावी एकेका शेतकऱ्याची जमीन प्रत्येक फडात थोडीथोडी असल्यामुळे फड कोरडा राहिला तर त्याची झळ सर्वांना सारखी लागे, आणि म्हणून निवाडा मान्य होई. वऱ्हाड हा कोरडवाहू कापूस-ज्वारीचा, विहिरीचा आणि गावतळ्याचा मुलूख. वाशीमचे पद्मतीर्थ काय किंवा कारंज्याचा ऋषी तलाव काय, ज्या गावाचे तळे त्या गावाचे पाणी, एवढाच कायदा. इंग्रजी अमदानीत वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडून त्याचे तालुके अकोला आणि यवतमाळमध्ये गेले, आणि 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून तो पुन्हा वेगळा निघाला. मधल्या काळात धरणे झाली, नळयोजना झाल्या, एका गावाचे पाणी दहा गावांना आणि एका शहराला जोडले गेले. परंतु दहा गावांनी मिळून तूट कशी सोसावी, याची रीत मात्र घडली नाही. रीत नसल्यामुळे तिची जागा सरकारी समितीने घेतली.

ही समिती दरवर्षी पावसाळा संपल्यावर बसते. 15 ऑक्टोबर रोजी प्रत्येक प्रकल्पात जो साठा असेल तो प्रमाण मानावयाचा, पाणीपुरवठा करणाऱ्या संस्थांनी आपापली मागणी मांडावयाची, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली पिण्याच्या पाण्याचे आकस्मिक आरक्षण निश्चित करावयाचे. उरलेल्या पाण्याची रब्बीची आवर्तने कालवा सल्लागार समितीने ठरवावयाची. याच सुमारास टंचाई कृती आराखडा तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून असे त्याचे तीन टप्पे, आणि प्रत्येक टप्प्यात नळयोजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरत्या पूरक योजना, नव्या विंधन विहिरी, विहिरींचे खोलीकरण, खाजगी विहिरींचे अधिग्रहण आणि सरतेशेवटी टँकर, अशी उपायांची उतरंड असते. व्यवस्था म्हणून यात वावगे काही नाही. दुष्काळाची वर्दी पोहोचल्यावर धावाधाव करण्यापेक्षा तीन टप्प्यांचा आराखडा हाताशी असणे केव्हाही इष्ट, आणि 1972 च्या दुष्काळापासून महाराष्ट्राच्या महसुली यंत्रणेने या कामी जे कौशल्य कमावले आहे त्याची नोंद कृतज्ञतेने केली पाहिजे. उणीव आहे ती अन्यत्र.

कायद्याने आणि धोरणाने अग्रक्रम सांगितला आहे. 2003 च्या राज्य जलनीतीने पिण्याचे पाणी प्रथम, उद्योग दुसरे आणि शेती तिसरी असा क्रम लावला. त्यावर महाराष्ट्रभर रण माजले आणि 2011 मध्ये शेतीला पुन्हा दुसरे स्थान मिळाले. पिण्याला प्रथम स्थान असावे याविषयी कोणाचाही मतभेद नाही आणि असूही नये. परंतु अग्रक्रम एवढेच सांगतो की कोणाला आधी द्यावे. किती द्यावे हे तो सांगत नाही. पहिल्या पंगतीला बसलेल्याने किती वाढून घ्यावे याला मर्यादा नसेल, तर दुसऱ्या पंगतीचा नियम पाळला काय आणि मोडला काय, पत्रावळ रिकामीच राहते. म्हणून ‘पिण्याचे पाणी’ या पवित्र शब्दाखाली प्रत्यक्षात किती पाणी राखले जाते, त्यातले पिण्याला किती, धुण्या-न्हाण्याला किती, फुटक्या जलवाहिन्यांतून मातीला किती आणि मोजमापावाचून गेलेले किती, हा प्रश्न केवळ हिशेबाचा नसून न्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब करून पाहावा. एक दशलक्ष घनमीटर म्हणजे शंभर कोटी लिटर. 2011 च्या जनगणनेत वाशीम शहराची लोकसंख्या 78 हजारांवर होती. आज ती एक लाख धरू. भुयारी गटारे असलेल्या शहरांसाठी माणशी रोज 135 लिटर हे प्रमाण मानले जाते. तेवढे पाणी एक लाख लोकांना वर्षभर देण्यास सुमारे 5 दशलक्ष घनमीटर लागतात. म्हणजे एकबुर्जी तुडुंब भरला असता, बाष्पीभवन वजा करूनही, शहराला चिंता करण्याचे कारण नाही. आता तुटीचे वर्ष घेऊ. धरणात एक चतुर्थांश साठा, म्हणजे 3 दशलक्ष घनमीटर, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंतचे नऊ महिने काढावयाचे. 135 लिटरांनी 3.6 दशलक्ष लागतील, म्हणजे पाणी पुरणार नाही. 70 लिटरांनी 1.9 लागतील, 55 लिटरांनी, जे प्रमाण 2019 च्या जल जीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी ठरविले आहे, केवळ दीड. याचा अर्थ असा की, शहराने पहिल्या दिवसापासून हात आखडता घेतला तर त्याच धरणातून बाष्पीभवनाची तूट भागवूनही काही पाणी हाती उरू शकते. आणि शहर जानेवारीपर्यंत नेहमीच्या ओघाने पाणी उचलत राहिले तर मार्चमध्ये सर्वांच्याच घशाला कोरड पडते. हे सारे गणित चौथीतील मुलाला करता येईल इतके सोपे आहे. ते केले जात नाही, कारण मागणी मांडणारी संस्था माणसे मोजून नव्हे तर मागील वर्षाचा आकडा पाहून मागणी मांडते, आणि घरोघरी मीटर नसल्यामुळे त्या आकड्याची शहानिशा कोणालाच करता येत नाही.

दुसऱ्या बाजूला शेतकरी आहे. सोयाबीन निघाले की दसरा-दिवाळीच्या दिवसांत हरभरा आणि गहू यांतून निवड करावयाची असते, आणि हरभऱ्याला ओल असताना पेरा साधावा लागतो. गव्हाला हेक्टरी चार ते पाच हजार घनमीटर पाणी लागते, हरभरा एक-दोन पाण्यांवर येतो. तेव्हा कालव्याला किती आवर्तने मिळणार हे त्याला ऑक्टोबरातच कळले पाहिजे. प्रत्यक्षात साठ्याची नोंद ऑक्टोबरात होते, मागण्या गोळा होतात, बैठकीची तारीख पुढे सरते, मंत्रिमहोदयांच्या सवडीने कालवा समिती बसते, आणि आवर्तनाचा निर्णय शिवारापर्यंत पोहोचतो तेव्हा पेरणी उरकलेली असते. ज्याने गहू पेरला त्याला दुसरे पाणी मिळाले नाही, आणि ज्याने भीतीपोटी हरभरा पेरला त्याच्या डोळ्यांदेखत पाणी सुटले, असे दोन्ही प्रकार एकाच कालव्यावर घडतात. पाणी कमी मिळाल्याचे दुःख शेतकरी सोसतो. ते आधी न सांगितल्याचे दुःख त्याला अन्याय वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे.

अशा वर्षी धरणाच्या काठावर जे दिसते ते एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. जानेवारीच्या अखेरीस पाणी आत सरकलेले असते आणि मागे भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. त्या गाळावरून काळ्या पाइपांच्या रांगा पाण्यापर्यंत गेलेल्या, काठावर बाभळीच्या बुंध्याला स्टार्टरचा डबा बांधलेला, आणि पाणी जसजसे खाली जाते तसतशी मोटार चिखलातून ओढीत पुढे नेलेली. सांडव्याजवळच्या भिंतीवर रंगविलेल्या आकड्यांची पट्टी असते, तिच्यावर पाण्याने सोडलेल्या ओल्या रेघा एकीखाली एक दिसतात. आरक्षणाचा हुकूम निघाला की महसूल, जलसंपदा आणि महावितरण यांचे संयुक्त पथक येते, जोडण्या तोडते, मोटारी जप्त करते. आणि ज्यांच्या जमिनी ह्याच धरणात गेल्या त्यांच्याच मोटारी ह्याच काठावर जप्त झाल्याचे दृश्य अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. या उपशाला अवैध म्हणणे कायद्याने बरोबर आहे. पण त्या शेतकऱ्याला रीतसर परवाना मागता येईल, तुटीच्या वर्षी त्याचाही काही अंश ठरलेला असेल आणि तो अंश संपल्यावर मोटार उचलण्याची मुदत त्याला आधीच ठाऊक असेल, अशी तजवीज केल्यावाचून नुसत्या जप्तीने पाणी वाचत नाही. रात्रीच्या उपशाला मात्र जोर येतो.

खेड्यांची गोष्ट याहून वेगळी, आणि एका अर्थी अधिक करुण. टँकरने पुरवठा करताना माणशी रोज 20 लिटर, मोठ्या जनावराला 35, लहान जनावराला 10 आणि शेळी-मेंढीला 3 लिटर हे सरकारी प्रमाण आहे. दोन हजार वस्तीच्या गावाला केवळ माणसांसाठी दिवसाला 40 हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या चार खेपा. टँकर गावाच्या विहिरीत रिकामा होतो, खेपेच्या नोंदवहीवर गावातील महिलांच्या सह्या घेतल्या जातात, आणि मग विहिरीच्या काठाशी गुंड-बादल्यांची जी गर्दी होते तीत ज्याच्या घरी हाताशी माणूस आहे त्याला पाणी अधिक आणि एकट्या म्हातारीला गढूळ तळ, हे ठरलेले असते. एकाच जिल्ह्यात, एकाच उन्हाळ्यात, शहरातील माणसासाठी प्रमाण 135 लिटर, नळयोजनेच्या खेड्यात 55 आणि टँकरच्या गावात 20, ही विषमता कोणत्याही एका अधिकाऱ्याने जाणूनबुजून निर्माण केलेली नाही. तीन वेगवेगळ्या शासननिर्णयांतून ती आपोआप घडली आहे, आणि तीन खाती एका टेबलाशी बसून हे तीन आकडे एकमेकांशेजारी मांडीत नाहीत तोवर ती मोडणारही नाही.

अधिग्रहण हा टंचाईतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीला एप्रिलातही पाणी आहे, ती विहीर तहसीलदारांच्या हुकमाने गावासाठी घेतली जाते आणि त्याला दिवसाप्रमाणे मोबदला मिळतो. आपली संत्र्याची किंवा भाजीची बाग सुकवून तो गावाला पाणी देतो. मोबदल्याचे देयक मात्र पुढल्या आर्थिक वर्षात, अनुदान आल्यावर निघते. ज्याला ऐनवेळी समाजाने हात पसरून पाणी मागितले त्याचे पैसे तरी वेळेवर द्यावेत, यासाठी नवीन कायद्याची आवश्यकता नाही. भूजलाच्या रक्षणाचे कायदेही झाले आहेत. 1993 च्या कायद्याने सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून 500 मीटरांच्या आत नवी विहीर घेण्यास मनाई केली आणि 2009 च्या कायद्याने तर खोल विंधन विहिरींनाच लगाम घातला. पण विंधन विहीर खोदणारी गाडी रात्री येते आणि पहाटे जाते, आणि ग्रामपंचायतीने ज्याला अडवावे तो बहुधा ग्रामपंचायतीचाच मतदार असतो.

आता जिल्ह्याच्या सीमेबाहेर पाहू, कारण तुटीच्या वाटणीचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा दावा गोदावरीवर चालला आणि त्याचे पडसाद वाशीमपर्यंत आले पाहिजेत. 2005 च्या महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमात असे तत्त्व घातले आहे की, खोऱ्यात किंवा उपखोऱ्यात तूट असेल तर ऑक्टोबरअखेर त्यातील सर्व धरणांच्या साठ्यांचे नियंत्रण अशा रीतीने करावे की, खरिपातला वापर धरून उपयुक्त पाण्याची टक्केवारी सर्व धरणांत जवळपास सारखी राहील. हे कलम कायद्याच्या पुस्तकात निजून होते. 2012 च्या अवर्षणाने ते जागे केले, मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये त्याची कार्यपद्धती आखली, प्राधिकरणाने सप्टेंबर 2014 मध्ये तीनुसार आदेश दिला, आणि सप्टेंबर 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. जायकवाडीतला साठा ऑक्टोबरच्या मध्याला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांनी ठरल्या प्रमाणात पाणी सोडावयाचे, असा तो तोडगा. 2023 मध्ये त्यानुसार 8.6 अब्ज घनफूट पाणी सोडण्याचा हुकूम ऑक्टोबरअखेर निघाला, आणि पाणी प्रत्यक्ष सुटले ते नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, मोर्चे, अर्ज आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढून झाल्यावर. वाट कोरडी असताना सोडलेल्या पाण्याचा किती भाग नदीपात्र पिऊन टाकते, हे सांगावयास नको.

तरीही ह्या निवाड्याचे मोल थोर आहे. वरच्याने आधी घ्यावे आणि खालच्याने उरले ते प्यावे, ही निसर्गाने लावलेली आणि मग राजकारणाने पक्की केलेली रीत कायद्याने प्रथमच बाजूला सारली आणि तूट सर्वांनी समप्रमाणात सोसावी असे म्हटले. पैनगंगेच्या खोऱ्यात हे तत्त्व लावावयाचे झाले तर वाशीमची भूमिका दुहेरी ठरते. इसापूरच्या दृष्टीने वाशीम वरचा आहे, आणि येथल्या प्रत्येक बॅरेजकडे खालून संशयाने पाहिले जाते. परंतु सिंचनाच्या अनुशेषाच्या दृष्टीने, जो दांडेकर समितीने 1984 मध्ये आकड्यांनिशी मांडला आणि अमरावती विभागात दीर्घकाळ भरून निघाला नाही, वाशीम मागे राहिलेला आहे. ज्याच्यापाशी साठवणच नाही त्याला टक्केवारीने समान लेखणे हा न्याय पूर्ण नव्हे. म्हणून समप्रमाणाचा नियम स्वीकारताना धरणाच्या क्षमतेबरोबर माणसांची संख्याही मोजली जावी, असा आग्रह वाशीमने धरला पाहिजे. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी 1972 च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा जो प्रयोग केला, त्यात हेच सूत्र होते. पाणी जमिनीच्या आकाराने नव्हे तर कुटुंबातील माणसांच्या संख्येने, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला अडीच एकरांपर्यंत; भूमिहीनालाही हिस्सा; आणि उसाला बंदी. सरकारी धरणांवर हे सूत्र जसेच्या तसे उतरले नाही, तरी हिस्सा कोणाचा या प्रश्नाला माणसाचा असे उत्तर देणारा तो महाराष्ट्रातला पहिला स्पष्ट उद्गार होता.

परदेशांतही ह्याच दोन विचारांची ओढाताण आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत ज्याने पाणी आधी वापरले त्याचा हक्क मोठा. 1922 मध्ये कोलोरॅडो नदीचा जो करार झाला तो विपुल पावसाच्या वर्षांतले प्रवाह गृहीत धरून झाला, आणि ऑगस्ट 2021 मध्ये त्या नदीवर प्रथमच अधिकृत तूट जाहीर झाली तेव्हा मोठी कपात कनिष्ठ हक्काच्या ॲरिझोनाला सोसावी लागली. याउलट स्पेनमधील वॅलेन्सियाच्या शेतकऱ्यांचे जल न्यायासन दर गुरुवारी दुपारी तेथील चर्चच्या दाराशी बसते, फिर्याद तोंडी ऐकते, निकाल तेथेच देते, आणि पाणी कमी असेल तेव्हा सर्व कालव्यांचा हिस्सा प्रमाणात घटवते. आपल्या फडाच्या पंचांना ते ओळखीचे वाटले असते. दक्षिण आफ्रिकेतील केपटाउनने 2018 मध्ये नागरिकांना माणशी रोज 50 लिटरांची मर्यादा घातली, ती श्रीमंत वस्त्यांनाही लागू केली, आणि शहराने स्वतःला आवळून घेतलेले पाहून ग्रोनलँडच्या शेतकरी पाणीवापर संस्थेने आपल्या साठ्यातले सुमारे एक कोटी घनमीटर पाणी शहराकडे सोडले. शहर आधी, शेतकरी नंतर, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले; सांगली जिल्ह्याच्या त्या औदार्याला वंदन करूनही असे म्हटले पाहिजे की, रेल्वे येईपर्यंत वाट पाहावी लागते याचा अर्थ वाटणीचा निर्णय कित्येक महिने आधीच चुकलेला असतो.

वाशीमपुरते बोलावयाचे तर येथे नवे प्राधिकरण नको आणि नवा कायदाही नको. आकस्मिक आरक्षणाची जी समिती आज आहे तिच्यातच पाणीवापर संस्थांच्या आणि टँकरग्रस्त गावांच्या प्रतिनिधींना मतासह स्थान द्यावे; आरक्षण मागील आकड्यावरून न करता माणसे, जनावरे, दिवस आणि बाष्पीभवन यांच्या मांडणीवरून करावे, आणि ती मांडणी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी; साठा निम्म्याच्या खाली असेल तर शहराने किती, खेड्याने किती आणि कालव्याने किती सोडावयाचे याचे कोष्टक पाऊस चांगला असलेल्या वर्षीच मंजूर करून ठेवावे, कारण तूट समोर उभी राहिल्यावर प्रत्येकाला आपलीच तहान मोठी दिसते. थकलेली पाणीपट्टी आणि संपलेले करारनामे यांच्या नावाखाली एका सरकारी संस्थेने दुसरीचे पाणी रोखून धरण्याचा प्रकार टंचाईच्या काळात पूर्णतः वर्ज्य मानावा. आणि वैनगंगेचे पाणी पश्चिम विदर्भात आणण्याच्या ज्या मोठ्या योजनेची चर्चा चालते, तिच्याकडे डोळे लावून हाताशी असलेल्या तीन प्रकल्पांचा हिशेब टाळू नये. योजना यावी, अवश्य यावी, पण बाहेरून आलेले पाणीही पुन्हा वाटावेच लागणार आहे.

पहिले पाऊल शहरांनी उचलावे, असा माझा आग्रह आहे. वाशीम, कारंजा, मंगरुळपीर आणि रिसोड येथील नगरपरिषदांनी येत्या ऑक्टोबरच्या बैठकीपूर्वी धरणापासून जलकुंभापर्यंत आणि जलकुंभापासून घरापर्यंत पाणी मोजावे, गळती किती ती निःसंकोच जाहीर करावी, आणि मग राखीव पाण्याची मागणी मांडावी. तेवढे केल्यावर कालव्यावरील शेतकऱ्याला आवर्तनाचा हक्क सोडावयास सांगण्याचा त्यांना अधिकार पोहोचेल, त्याआधी नाही.